तार कुठे अडते

धुळ्यात हारुनभाईंच्या दुकानाचा पत्ता विचारला तर लोक सांगत, बाहेर बँजो टांगलेले असतील आणि आतून शिलाई मशीनचा आवाज येत असेल, तेच दुकान. बँजो म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजतो तो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. शिरपूरपासून दोंडाईचापर्यंतचे बँडवाले लग्नसराईच्या आधी आपली वाद्यं इथे आणून टाकत. हारुनभाई ती उघडत, झाडत, तारा बदलत आणि सुरात लावून देत. पडद्यामागे त्यांची बायको हमीदा ब्लाऊज शिवत बसे. गिऱ्हाइकांना तिचा चेहरा क्वचित दिसायचा. मशीनचा आवाज मात्र कायम.

त्या आवाजाचं खरं काम जगात दोनच माणसांना माहीत होतं.

हमीदा मूळची दोंडाईच्याची. तिचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि घरी पेट्या दुरुस्त करायचे. स्वयंपाकघरातून ही सात-आठ वर्षांची पोर ओरडून सांगायची, अब्बा, तिसरी पट्टी बसकी बोलतेय. वडील हसायचे आणि पट्टी काढून पाहायचे. ती खरंच बसकी असायची. याला कुणी गुण म्हटलं नाही. मुलीला भाकरी गोल येते का हे पाहायला लोक येतात, तिचा कान पाहायला कोण येणार? दहावी झाली, शिवणकाम शिकली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन धुळ्याला आली. हारुनच्या दुकानात पहिल्या दिवशी पडद्यामागून तार उतरलेली ऐकली तेव्हा तिला माहेरी आल्यासारखं वाटलं. ते कुणाला सांगायचं असतं हेही तिला माहीत नव्हतं.

तीस वर्षं हारुनभाईंनी भोंग्यांच्या आणि स्पीकरच्या पुढ्यात कान लावून काम केलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कुकरची शिट्टी वाजत राहिली आणि ते त्याच्याशेजारी बसून पेपर वाचत राहिले. मुलगी हुमा तेव्हा घरी होती. तिनेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. बारीक सूर आधी जातात, बोलणं हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून हारुनभाईंना नुसती खरखर ऐकू यायची. ते यंत्र तुटक्या तारांच्या खणात जाऊन पडलं. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून त्यांचं बोलणं भागत होतं. पण तार?

मग एके दिवशी आपोआप घडलं. दुकानाची जमीन ओल धरायची, म्हणून हारुनच्या वडिलांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी फळ्या ठोकलेल्या होत्या. पडद्यामागे हमीदाच्या पायमशीनचे लोखंडी पाय आणि पडद्यापुढे हारुनचं बसकं स्टूल एकाच फळीवर होते. त्या दिवशी हारुन एका बँजोची तार चढवत होते. ती जागेवर आली हे ऐकून हमीदाचा पाय नकळत थांबला. फळीची थरथर थांबली. हारुनचा हातही थांबला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि पुढची तार घेतली.

तेव्हापासून तीच रीत पडली. तार खाली असेल तर मशीन भरभर, वर चढली तर सावकाश, बरोबर जागेवर आली की बंद. याबद्दल ती दोघं एकमेकांशी कधी एक शब्दही बोलली नाहीत. बोललं असतं तर ते खरं झालं असतं.

कार्तिक संपत आला होता. लग्नाच्या तारखा तोंडावर आल्या होत्या. त्या दुपारी तोताराम मास्तर टेम्पो घेऊन आले. शिरपूरच्या अलीकडच्या एका गावात त्यांचा बँड. हारुनच्या वडिलांच्या काळापासूनचं हे गिऱ्हाईक, आणि ते जिथे वाद्यं टाकत तिथेच आजूबाजूचे पाच-सहा बँडवाले टाकत. दरवर्षी टेम्पो थांबला की सामान आधी उतरायचं आणि मास्तर नंतर. आज मास्तर एकटेच उतरले. टेम्पोचा मागचा फाळका बंदच राहिला. हमीदाने ते पडद्याच्या फटीतून पाहिलं.

मास्तरांनी बाकावर बसून पाणी प्यायलं आणि इकडचं तिकडचं बोलून मग सहज विचारल्यासारखं विचारलं, हारुनभाऊ, तब्येत कशी शे? कान-बिन ठीक? कुणीतरी त्यांना जळगावात सांगितलं होतं, धुळ्याच्या मिस्तरीने लावलेली गिटार घरी जाईपर्यंत उतरते.

ती गिटार कोणती हे हमीदाला लगेच कळलं. आणि दैव असं की तीच गिटार त्या वेळी दारात उभी होती.

भाविका नावाची वीस वर्षांची मुलगी जळगावहून आली होती. काळी इलेक्ट्रिक गिटार पाठीवर, आणि मागे तिची आई ज्योत्स्ना, हातात पाण्याची बाटली आणि बसची तिकिटं घट्ट धरलेली. गिटार जुनी, दोंडाईच्याच्या एका बँडने विकायला ठेवलेली. श्रावणात भाविकाने ती याच दुकानातून घेतली होती. आधी छान चालली आणि मग बिघडली. लावून दिली की दोन गाणी नीट, तिसऱ्या गाण्याला बेसूर. ही तिसरी खेप, असं ती दारातूनच म्हणाली. रविवारी जळगावात तिचा कार्यक्रम होता, स्टेजवर पहिल्यांदाच, आणि साडेतीनची बस चुकवून चालणार नव्हतं.

मास्तरांनी गिटारकडे पाहिलं, मग हारुनभाईंकडे.

“ही गिटार शे का नवी सासुरवाशीण? पंधरा दिन झायात का माहेरले येस.”

भाविका हसली. तिची आई हसली नाही. हारुनभाई मास्तरांच्या ओठांकडे पाहून अर्ध्या क्षणाने हसले. तो अर्धा क्षण हमीदाला फार लांब वाटला.

पहिल्या खेपेला हारुनभाईंनी सगळ्या तारा बदलल्या होत्या. नव्या तारा ताणतात, म्हणून हाताने ओढून ओढून बसवल्या होत्या. दुसऱ्या खेपेला खुंट्यांचे स्क्रू कसले, खुंटीवर तारेचे वेढे कमी केले आणि मागच्या बाजूचं झाकण काढून तारांचा ताण धरणाऱ्या स्प्रिंग पाहिल्या. त्यांच्या हाताच्या कामात खोट नव्हती. दोन्ही वेळा सहाच्या सहा तारांवर हमीदाने मशीन थांबवलं होतं. तिच्या कानाला त्या बरोबर वाटल्या होत्या. म्हणजे चूक झाली असेल तर ती हारुनच्या कानाची नव्हती, तिच्या कानाची होती. गेले आठ दिवस हा विचार तिची पाठ सोडत नव्हता. ब्लाऊज शिवताना, भाजी चिरताना तो तिथेच असायचा. आपलाही कान गेला असेल तर?

मास्तर म्हणाले, आधी या पोरीचं काम करा, मी बसतो. माझं सामान कुठे जातं, ते मग पाहू. आवाज गोड होता, पण अर्थ सगळ्यांना कळला.

हारुनभाईंनी गिटार मांडीवर घेतली. पहिली, दुसरी तार ठीक लागली. मशीन चाललं, थांबलं, परत चाललं. तिसरी तार बरीच उतरलेली होती. हारुनभाई खुंटी फिरवू लागले आणि हमीदा भरभर पाय चालवू लागली. अजून खाली, अजून खाली.

“भाभी,” मास्तर पडद्याकडे तोंड करून म्हणाले, “जरा मशीन थांबाडा ना. माले ऐकू द्या.”

हमीदाने ऐकलंच नाही असं दाखवून पाय चालू ठेवला. तेवढ्यात तार जागेवर आली तर बरं. पण तार जणू हट्टाला पेटली होती. हारुन खुंटी फिरवत होते आणि सूर तिथेच.

मास्तरांनी परत हाक मारली. आता ज्योत्स्नानेही पडद्याकडे पाहिलं. बाईमाणसाने दुसऱ्यांदा न ऐकणं बरं दिसलं नसतं. हमीदाचा पाय थांबला.

फळी शांत झाली. आणि हारुनभाईंचा हातही थांबला, जसा तो दोन वर्षं थांबत आला होता. त्यांनी तार छेडली, समाधानाने मान हलवली आणि गिटार भाविकापुढे धरली.

“घ्या. आली जागेवर.”

तार अर्ध्या सुराहून जास्त खाली होती. ज्याला सारेगमही येत नाही त्यालाही ते कळलं असतं. भाविकाने गिटार घेतली नाही. ती आईकडे पाहू लागली. ज्योत्स्नाने नजर खाली घातली, जणू चूक तिचीच होती. मास्तर मांडीवर हात ठेवून अगदी स्थिर बसले.

“हारुनभाऊ,” ते हळूच म्हणाले, “परत वाजाडा.”

हारुनभाईंनी परत तीच तार छेडली. मग मास्तरांचा चेहरा पाहिला, मुलीचा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान कडेकडेने विरघळत गेलं. त्यांनी फळीवर पाय नीट टेकला. फळी गप्प. ते पडद्याकडे पाहू शकत नव्हते, कारण मास्तर त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी चाचपडत खुंटी थोडी फिरवली. अजून थोडी.

टिक.

आवाज इतका बारीक होता की बाहेरून रिक्षा गेली असती तर बुडाला असता. हमीदा पडद्यामागे ताठ झाली. खुंटी पाव वेढा फिरली तरी सूर हलला नव्हता, आणि या टिकबरोबर एकदम उडी मारून वर गेला होता.

हा आवाज तिने आजवर कधी ऐकला नव्हता. ऐकणार कसा? तार चढवताना तिचं स्वतःचं मशीन खडखडत असायचं. आणि हारुनला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. दोघांनी मिळून जो आडोसा उभा केला होता, त्याच्याच मागे हा रोग लपून बसला होता.

पडद्याच्या आत राहणं आता सोपं होतं. ती गप्प बसली असती, तर हारुन म्हणाले असते, आज डोकं दुखतंय, उद्या या. पण मास्तरांचा टेम्पो निघून गेला असता. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, सुई ओवताना वापरायचं भिंग उचललं आणि बाहेर आली.

“जरा मला बघू द्या,” ती म्हणाली आणि नवऱ्याच्या मांडीवरून गिटार घेतली.

हारुनभाईंनी ती सोडली नाही. एक क्षण गिटार दोघांच्या हातांत होती. हमीदाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांची बोटं सुटली.

तिला गिटार वाजवता येत नव्हती. पण दोरा कसा जातो हे तिला कळत होतं. मशीनचा टाका चुकला की ती रिळापासून सुईपर्यंत दोऱ्याच्या वाटेवर बोट फिरवायची. कुठेतरी तो अडकलेला असतो. तसंच तिने खुंटीपासून तारेवर बोट ठेवलं आणि खाली आली. मानेच्या टोकाला पांढरी पट्टी असते, तिच्या सहा खाचांतून सहा तारा पुढे जातात. गिटारवाले तिला नट म्हणतात. तिथे बोट थांबलं. तिने तार खाचेच्या वरच्या बाजूला दाबली. टिक. सूर बदलला आणि बदललेलाच राहिला, परत जागेवर आलाच नाही.

“घरी असा आवाज येतो का?” तिने भाविकाला विचारलं.

येतो, ती म्हणाली. मला वाटलं खुंटीचाच असेल.

“कधीपासून?”

भाविका आठवू लागली. घेतल्यावर दोन महिने काहीच नव्हतं. दिवाळीच्या आधी सुरू झालं. दसऱ्याच्या सुमाराला.

हमीदाने तार सैल करून खाचेतून बाजूला काढली आणि भिंगातून पाहिलं. खाच अर्ध्यापर्यंत भरलेली होती. तिने सुईचं टोक घातलं. बाहेर आला तो कण वाळलेल्या डिंकासारखा कडक, खालून पिवळा आणि वरून लाल. बोटावर चुरडला तर बोट लाल झालं.

ते काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला एकदम कळलं. फक्त भाविकाला वेळ लागला. तिने आईकडे पाहिलं. ज्योत्स्नाचा चेहरा उतरला होता.

तिने हळूहळू सांगितलं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या वस्तूंची पूजा केली. स्कूटर, मिक्सर, मुलीचा लॅपटॉप. गिटार खोलीत उभी होती. मुलगी स्टेजवर जाणार म्हणून गेले दोन महिने तिच्या जिवाला घोर लागला होता. कोण लोक असतील, रात्री कशी परत येईल, हसतील का तिला. हे मुलीला सांगितलं असतं तर ती चिडली असती. म्हणून ती आंघोळीला गेली असताना हळद-कुंकू कालवून गिटारच्या कपाळाला लावलं, वर अक्षता ठेवल्या. मग मुलगी रागवेल म्हणून ओल्या फडक्याने घाईघाईने पुसून टाकलं.

पुसलेलं सगळं खाली, खाचांत उतरलं होतं आणि तिथेच वाळलं होतं.

“आई,” भाविका म्हणाली.

हमीदाला कळत होतं की या घडीला तिने एवढंच म्हणायचं आहे, बघा मास्तर, खोट आमची नव्हती. दुकान वाचलं असतं. समोरची बाई मात्र साडेतीनच्या बसमध्ये मुलीशेजारी मान खाली घालून बसली असती आणि जळगाव येईपर्यंत ती वर केली नसती. हमीदाला हुमा आठवली. ती शिकायला शिरपूरला गेली तेव्हा हिने तिच्या बॅगेच्या अस्तरात गुपचूप एक ताईत शिवून टाकला होता. अस्तर त्या कोपऱ्यात अजून फुगलेलं आहे.

“माझ्या मशीनचंही असंच होतं,” ती ज्योत्स्नाला म्हणाली. “दोऱ्याच्या वाटेत एवढंसं काही अडकतं आणि आपण सुया बदलत बसतो. आम्हीही आधी तारा बदलल्या, मग स्क्रू कसले. खाच बघायचं आम्हाला सुचलं नाही. चूक आमचीही आहे.”

मास्तर खाकरले. दसऱ्याला त्यांच्या अंगणातही सगळा बँड मांडून पूजा व्हायची आणि कुंकू लावायला ते स्वतःच बसायचे.

“म्हणजे मना कॅसिओनं वरनं बटन चिकटस,” ते म्हणाले, “ते बी मीच करेल शे.”

भाविकाला हसू फुटलं, मग ज्योत्स्नालाही, डोळे पुसता पुसता. हारुनभाईंना काय झालं ते कळलं नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

हमीदाने तुटक्या तारांच्या खणातून जुन्या तारेचा तुकडा काढला आणि कानशीसारखा खाचेतून मागेपुढे फिरवला. मशीन साफ करायच्या ब्रशने भुकटी झाडली. सहाही खाचा तशाच केल्या. मग मापाच्या वहीतली पेन्सिल घेऊन तिचं शिसं खाचांत घासलं, म्हणजे तार सरकती राहील. सव्वातीन वाजत आले होते. ज्योत्स्ना घड्याळ पाहत होती.

आता तारा लावायच्या राहिल्या होत्या. पडद्यामागे जायचं की नाही? मास्तर बघत होते. हमीदा हारुनच्या शेजारी फळीवरच बसली आणि स्वतः खुंटी धरली. भाविकाने मोबाइल पुढे केला, त्यात सूर दाखवणारा काटा होता. हमीदाने तो पाहिला नाही. एकेक तार वर आली, कुठेही न अडकता, आणि जागेवर थांबली. सहाव्या तारेनंतर भाविकाने मोबाइलवर तपासलं. काटा सहाही वेळा मधोमध.

मास्तरांनी गिटार मागितली. तिसरी तार अंगठ्याने खसकन बाजूला ओढली, सोडली, परत ओढली. पाच-सहा वेळा. मग छेडली. तार जिथे होती तिथेच होती.

“भाभी,” ते म्हणाले, “तुम्ही मशीन काब्र चालाडतस, ते आज माले समजनं.”

मशीन का चालतं, ते उघडं पडलं होतं. हारुनभाईंनी ते ओठांवरून वाचलं होतं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

“दोन वर्षं झाली, मास्तर,” ते म्हणाले. “मला तार ऐकू येत नाही. हात माझे आहेत. कान हिचा आहे.”

हे वाक्य या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. हमीदा गिटारची पिशवी बंद करत होती. तिला चेन दिसेना.

निघताना ज्योत्स्ना तिच्याजवळ आली आणि तिने हळूच विचारलं, पुढच्या दसऱ्याला काय करू? हमीदा म्हणाली, पाठीवर लावा, मागच्या बाजूला. तिथून तार जात नाही. मायलेकी बसस्टँडकडे धावल्या. आता गिटार आईच्या खांद्यावर होती.

मास्तर उठले. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि हो नाही काही न म्हणता बाहेर गेले. हमीदा पडद्याजवळ उभी राहिली. हारुनभाई स्टुलावर बसून खाली फळीकडे पाहत होते. बाहेर टेम्पोचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. इंजिन सुरू झालं तर सगळं संपलं, हे तिला ठाऊक होतं.

मग लोखंडी कडी वाजली. फाळका खाली पडला आणि कुणीतरी जड पेटी ओढू लागलं.

हारुनभाईंना यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काय झालं, हे विचारायचंही बळ त्यांच्यात नव्हतं.

हमीदा मशीनवर जाऊन बसली. पडदा तिने लावला नाही. तिने पाय ठेवून मशीन दोन वेढे भरभर चालवलं, फळी थरथरली, आणि मग तिने ते थांबवलं.